सोनोग्राफीला जेल का लावतात? अल्ट्रासोनिक ट्रान्सड्यूसर आणि आवाज मोजण्याची गोष्ट

सोनोग्राफी करून आलेल्या कुणालाही विचारा काय लक्षात राहिलं, पहिलं उत्तर येतं ते थंडगार चिकट जेल. बऱ्याच जणांना वाटतं प्रोब (डॉक्टर अंगावरून फिरवतात ते यंत्र) कातडीवरून नीट सरकावा म्हणून ते लावतात, आणि सरकायला मदत होते हेही खरंच आहे, पण जेल लावलंच नाही तर स्क्रीनवर कामाचं काहीच दिसणार नाही. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा एकदम पातळ थर जरी राहिला तरी अल्ट्रासाऊंड, म्हणजे सोनोग्राफी ज्यावर चालते तो कानाला न ऐकू येणारा आवाज, तो ओलांडत नाही, आल्या पावली परत फिरतो. मला या विषयाची गोडी लागली ती याच एका गोष्टीमुळे. असा आवाज तयार करणं माणसाला शंभर वर्षांपूर्वीच जमलंय, पण तो एका पदार्थातून दुसऱ्यात घालायचा कसा आणि घातला तर नक्की किती गेला हे मोजायचं कसं, या दोन प्रश्नांवर अजूनही लोक आयुष्य घालवतायत.

आधी पटकन ओळख करून देतो. आपल्याला साधारण 20 हर्ट्झपासून 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, म्हणजे सेकंदाला 20 ते 20,000 कंपनं. त्याच्या वरचं सगळं अल्ट्रासाऊंड. गाडीच्या मागे बसवलेले पार्किंग सेन्सर 40 ते 60 किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, सोनोग्राफी आणि धातूची तपासणी थेट मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला लाखो-कोटी कंपनं. प्रोबच्या आत असतो तो ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेचं रूपांतर हालचालीत आणि हालचालीचं परत विजेत करणारी वस्तू. बहुतेक वेळा एकच तुकडा बोलतो आणि तोच मग गप्प बसून ऐकतो. बोलताना त्याला शंभर-दोनशे व्होल्टचा झटका देतात आणि परत येणारा एको कधी कधी मायक्रोव्होल्टमध्ये असतो, हे दोन्ही एकाच वायरीवर, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची निम्मी मेहनत तिथेच जाते.

हे शक्य झालं ते 1880 मध्ये. झाक आणि पिएर क्युरी या दोघा भावांनी दाखवलं की क्वार्ट्झ, टूर्मलीन असे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणितातून सांगितलं की मग उलटंही व्हायला पाहिजे, व्होल्टेज दिलं की स्फटिकाचा आकार बदलायला पाहिजे, आणि क्युरी बंधूंनी ते लगेच करून दाखवलं. याला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. पण त्यानंतर तीसेक वर्षं त्याचा मोठा उपयोग कुणाला सापडला नाही. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायची वेळ आली तेव्हा पिएर क्युरींचेच विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झ हातात घेतलं. अडचण अशी की पाण्यात लांब जाणारा आवाज कमी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सेकंदाला कमी कंपनांचा लागतो आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका स्फटिक जाड लागतो, 40 किलोहर्ट्झसाठी क्वार्ट्झचा साधारण 7 सेंटिमीटर जाड आणि चांगला रुंद तुकडा लागला असता. एवढं क्वार्ट्झ आणणार कुठून? लांजव्हँनी पातळ क्वार्ट्झचे तुकडे पोलादाच्या दोन जाड चकत्यांमध्ये चिकटवले, म्हणजे अख्खं सँडविच एकत्र कंप पावतं आणि जाडीचा बराचसा भाग स्वस्त पोलाद भरून काढतं. इतकी साधी युक्ती, आणि आजही अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये, प्लास्टिक वेल्डिंगच्या मशीनमध्ये तेच सँडविच आहे, फक्त क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिकच्या रिंगा आल्या आणि मधून बोल्ट घालून ते आवळलं.

सिरॅमिक का आलं ते आकड्यांवरून लगेच कळतं. क्वार्ट्झला 1 व्होल्ट दिला तर ते साधारण 2 पिकोमीटर हलतं, म्हणजे एका अणूच्या व्यासाचा शंभरावा हिस्सा वगैरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेरियम टायटनेट हे सिरॅमिक सापडलं, मग 1954 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये बर्नार्ड जॅफी आणि सहकाऱ्यांनी लेड झिर्कोनेट टायटनेट पुढे आणलं, ज्याला सगळे नुसतं पीझेडटी म्हणतात. त्याच्या काही प्रकारांत तोच 1 व्होल्ट 400 ते 600 पिकोमीटर हलवतो. शंभर व्होल्ट दिले तरी हालचाल 40 ते 60 नॅनोमीटरच, पण सेकंदाला पन्नास लाख वेळा एवढं हललं तरी त्यातून निघणाऱ्या लाटेने पोटातलं बाळ दिसतं. या एका वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो.

पीझेडटी भट्टीतून निघतं तेव्हा त्यात हा गुण नसतोच. आतले बारीक बारीक कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात, त्यांना गरम तेलात ठेवून जोरदार व्होल्टेज लावून एका दिशेला वळवावं लागतं, याला पोलिंग म्हणतात. आणि एका ठराविक तापमानाच्या वर गेलं की सगळे परत विस्कटतात. त्या तापमानालाही क्युरींचंच नाव आहे, बेरियम टायटनेटसाठी ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपास, पीझेडटीच्या नेहमीच्या प्रकारांत साधारण 200 ते 350. म्हणून सिरॅमिकला वायर सोल्डर करताना टोक जास्त वेळ टेकवून ठेवायचं नसतं, तेवढ्यातच त्या जागेचं पोलिंग जाऊ शकतं.

आता तुकड्याची जाडी. स्फटिकाला जाडीच्या दिशेने कंप पावायला लावायचं तर जाडी आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी ठेवतात, तिथे तो सगळ्यात जोरात वाजतो. पीझेडटीमध्ये आवाज सेकंदाला 4,000 मीटरच्या आसपास जातो, म्हणून 5 मेगाहर्ट्झसाठी चकती फक्त 0.4 मिलिमीटर जाड. पण जोरात वाजणं ही गोष्ट इथे गैरसोयीची. घंटेला एक टोला दिला की ती किती वेळ घुमत राहते बघा, तसाच स्फटिकही घुमत राहतो, आणि तो घुमत असताना जवळचा एको आला तर दोन्ही मिसळून जातात, काहीच वेगळं ओळखता येत नाही. म्हणून स्फटिकाच्या पाठीला टंगस्टनची पावडर मिसळलेल्या इपॉक्सीचा जड ठोकळा चिकटवतात, बॅकिंग. तो मागे जाणारी लाट गिळतो आणि कंपनं दोन-तीन फेऱ्यांत थांबतात. पल्स (एका झटक्यात सोडलेली लाट) आखूड झाला म्हणजे अगदी जवळजवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात, पण ऊर्जेचा मोठा वाटा त्या ठोकळ्यात उष्णता होऊन गेला. संवेदनशीलता हवी की आखूड पल्स हवा, ही ओढाताण प्रत्येक प्रोबच्या डिझाइनमध्ये असते आणि दोन्ही पूर्ण मिळत नाही.

परत हवेच्या भिंतीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. प्रत्येक पदार्थाला एक अकूस्टिक इम्पिडन्स असतो, घनता गुणिले आवाजाचा वेग, बस. लाट हलवायला तो पदार्थ किती जड जातो असं समजा. हवेचा आकडा साधारण 400, पाण्याचा 15 लाख, पीझेडटीचा 3 कोटींच्या वर, पोलादाचा 4 कोटी 60 लाख (एकक सगळ्यांचं एकच, रेल). दोन पदार्थांचे आकडे जितके लांब तितकी जास्त लाट सीमेवरून परत फिरते. पीझेडटीतून थेट शरीरात लाट पाठवली तर साधारण सहावा हिस्सा पलीकडे जातो. पीझेडटीतून हवेत? टक्क्याच्या दोनशेव्या हिस्स्याएवढा, म्हणजे 99.995 टक्के परत. जेल लावायचं कारण हेच, त्याचा आकडा पाण्याच्या जवळ आहे आणि ते हवेला बाहेर ढकलून मधली फट भरून काढतं.

सहावा हिस्सा तरी का, जास्त का नाही, तर त्यासाठी प्रोबच्या तोंडावर एक मधला थर लावतात, मॅचिंग लेयर. एकदम उंच पायरी चढण्यापेक्षा मध्ये एक पायरी ठेवायची. गणित सांगतं की या थराचा इम्पिडन्स दोन्ही बाजूंच्या गुणाकाराच्या वर्गमुळाएवढा आणि जाडी पाव तरंगलांबीएवढी हवी, म्हणजे थरातल्या थरात उलटसुलट फिरणाऱ्या लाटा एकमेकींना अशा मारतात की मागे परतणारं काही उरत नाही. पीझेडटी आणि पाणी यांच्यासाठी तो आकडा 70 लाखांच्या आसपास येतो, इपॉक्सीत योग्य पावडर मिसळून तो साधता येतो. पण पीझेडटी आणि हवा असं मांडलं तर उत्तर येतं 1 लाख 17 हजार, आणि एवढा हलका घन पदार्थ नेहमीच्या पदार्थांत मिळत नाही. मग लोक एअरोजेलकडे (जवळजवळ हवेनेच भरलेला घन पदार्थ) जातात, काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांकडे जातात, फिल्टरच्या सच्छिद्र पापुद्र्यांकडे जातात. जे पदार्थ जेल किंवा पाणी लावून भिजवता येत नाहीत, कागद, फोम, विमानाचे मधाच्या पोळ्यासारखे पोकळ हनीकोंब पॅनेल, ते हात न लावता तपासायचे असतील तर हाच रस्ता, म्हणून या एका थरावर इतकी मेहनत चालते.

दुसरा रस्ता म्हणजे जड स्फटिक सोडूनच द्यायचा. 1990 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये खुरी-याकूब यांच्या गटाने सिलिकॉनच्या चिपवर, चिप बनवायच्याच पद्धतीने, साधारण मायक्रॉनभर जाडीचे पडदे बनवले, खाली बारीकशी पोकळी, आणि विजेच्या ओढीने पडदा हलवायचा, डफावर ताणलेलं कातडं हलावं तसा. इतका हलका पडदा हवेला किंवा पाण्याला बराच सहज हलवतो. याला सीमट म्हणतात. त्याचाच भाऊ पीमट, त्यात पडद्यावर पिझोइलेक्ट्रिक पदार्थाचा पातळ थर असतो. काही फोनच्या स्क्रीनखाली जो अल्ट्रासोनिक फिंगरप्रिंट सेन्सर असतो त्यातही पिझोइलेक्ट्रिक पदार्थाचा पातळ थर असतो, आणि तो सेन्सर चालतो कशावर तर हवेच्या भिंतीवरच. बोटाच्या रेषांचे उंचवटे काचेला टेकतात तिथून आवाज थोडा आत जातो, दोन उंचवट्यांमधल्या खाचेत हवा असते तिथून सगळाच परत येतो, आणि या फरकातून ठशाचं चित्र उभं राहतं.

वेल्डिंग तपासणाऱ्यांचंही तसंच. पोलादाच्या आत केसापेक्षा बारीक तडा असला तरी त्यात हवेची फट असते आणि तेवढी फट लाटेला परत फिरवायला पुरते. जी भिंत पाडायला जेल लावावं लागतं तिच्याच जिवावर तडा सापडतो. फक्त तडा प्रोबकडे तोंड करून असला पाहिजे, लाटेच्या दिशेला समांतर असलेला तडा सरळ प्रोबला निसटून जातो, म्हणून तिरक्या कोनाचे प्रोब आणि फेज्ड अ‍ॅरे (लहान तुकड्यांची ओळ, जिची लाट विजेने हवी तशी वळवता येते) वापरतात.

फ्रिक्वेन्सी वाढवून बारीक का बघत नाही असं कुणीतरी हमखास विचारतं. 5 मेगाहर्ट्झला शरीरात तरंगलांबी 0.3 मिलिमीटर, 10 ला निम्मी, म्हणजे चित्र दुप्पट बारीक. पण मऊ मांसात आवाज दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल कमी होतो (दर 10 डेसिबलला आवाजाची ताकद दहावा हिस्सा उरते). 10 सेंटिमीटर खोल बघायचं तर जाऊन येऊन 20, म्हणजे 5 मेगाहर्ट्झला 50 डेसिबल, एक लाखावा हिस्सा उरला. 10 मेगाहर्ट्झला 100 डेसिबल, म्हणजे एक हजार कोटीवा हिस्सा, आणि तोही अजून कुठे परावर्तित व्हायच्या आधी! म्हणून गळ्याच्या थायरॉइडला जास्त फ्रिक्वेन्सीचा प्रोब आणि पोटाला कमीचा.

आता मोजमाप, माझ्या मते विषयाचा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. अल्ट्रासाऊंडने आपण खरं तर फक्त वेळ मोजतो, बाकी सगळं त्या वेळेला वेगाने गुणून येतं. पाइपची जाडी मोजायचं मशीन घ्या. पोलादात आवाज सेकंदाला सुमारे 5,900 मीटर जातो, 0.01 मिलिमीटरचा फरक ओळखायचा तर 3.4 नॅनोसेकंदाचा फरक ओळखता आला पाहिजे. ते हल्ली जमतं. घात होतो वेगात. पोलाद तापलं की त्यातला आवाजाचा वेग कमी होतो, ढोबळमानाने दर 55 अंशाला 1 टक्का. गरम पाइपवर थंड पोलादाचा वेग धरून मोजलं तर आवाजाला जास्त वेळ लागलेला दिसतो आणि मशीन म्हणतं भिंत जाड आहे. म्हणजे 300 अंशाच्या पाइपची भिंत झिजून 9.5 मिलिमीटरवर आलेली असताना स्क्रीनवर 10 दिसू शकतात, चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. हवेतही तेच, दर अंशाला वेग सेकंदाला 0.6 मीटरने वाढतो. पाणी तर आणखी वेगळं, 74 अंशांपर्यंत वेग वाढत जातो आणि तिथून पुढे कमी व्हायला लागतो.

यावर पाण्याच्या फ्लो मीटरने जो तोडगा काढलाय तो मला फार आवडतो. एकदा प्रवाहाच्या दिशेने पल्स पाठवायचा, एकदा विरुद्ध. 10 सेंटिमीटरचा रस्ता आणि पाण्याचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल तर एका बाजूला लागणारा वेळ 67 मायक्रोसेकंदांच्या आसपास आणि दोन्हींतला फरक फक्त 90 नॅनोसेकंद. पण दोन्ही वेळा उलटे करून म्हणजे एकाला त्यांनी भागून वजाबाकी केली की पाण्यातला आवाजाचा वेग समीकरणातून चक्क निघून जातो! तापमान कितीही असो, मीटरला ते माहीत असायची गरज राहत नाही.

आणि प्रोब स्वतः किती आवाज सोडतोय हे कोण मोजणार? सोनोग्राफीच्या मशीनवर मर्यादा असतात, अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) डोळे सोडून बाकी तपासण्यांसाठी मर्यादा आहे मेकॅनिकल इंडेक्स (लाटेच्या दाबाने शरीराला इजा व्हायचा धोका सांगणारा आकडा) 1.9 आणि सरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 720 मिलिवॉट, पण आकडा पाळायचा तर आधी तो मोजता आला पाहिजे. एक पद्धत फार सुंदर आहे, सरळ तराजू. आवाज ज्यावर पडतो त्याला हलकासा ढकलतो, पाण्यात 1 वॉट आवाज पूर्णपणे शोषला गेला तर 69 मिलिग्रॅम वजनाएवढा जोर पडतो. मग पाण्यात शोषक रबराची चकती टांगायची, ती संवेदनशील तराजूला जोडायची, आणि किती मिलिग्रॅम फरक पडला त्यावरून वॉट काढायचे.

पण तराजू एकूण सांगतो, कुठल्या बिंदूला किती ते सांगत नाही. त्यासाठी हायड्रोफोन, पाण्यातला माइक. 1969 मध्ये जपानच्या कावाई यांनी दाखवलं की पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक ताणून पोल केलं तर तेही पिझोइलेक्ट्रिक होतं, आणि त्याचा इम्पिडन्स पाण्याच्या बराच जवळ असल्यामुळे त्याचा पातळ पापुद्रा लाटेत ठेवला तरी लाट फारशी बिघडत नाही. ऐकणारा ठिपका तरंगलांबीपेक्षा लहान हवा, नाहीतर एकाच वेळी शिखर आणि दरी दोन्ही त्यावर पडून सरासरी निघते, आणि 15 मेगाहर्ट्झला पाण्यातली तरंगलांबी आहे 0.1 मिलिमीटर, आता बघा ठिपका केवढा बनवायचा. हा हायड्रोफोन टाकीत इंचाइंचाने फिरवून पूर्ण बीमचा नकाशा काढतात. प्रोबच्या अगदी जवळचे आकडे बघून निष्कर्ष काढायचा नसतो, तिथे दाब वरखाली नाचत असतो, 10 मिलिमीटर व्यासाच्या 5 मेगाहर्ट्झ प्रोबसाठी पाण्यात हा भाग 83 मिलिमीटरपर्यंत असतो.

या टाकीत माझे तीन दिवस गेले होते. सकाळी आकडे छान यायचे आणि दुपारपर्यंत हळूहळू पडायचे, मी केबल बदलली, अ‍ॅम्प्लिफायर बदलला, प्रोब खराब झाला असं ठरवून टाकलं. शेवटी टॉर्च मारून बघितलं तर हायड्रोफोनवर डोळ्यांना जेमतेम दिसणारे बुडबुडे. नळाच्या पाण्यात हवा विरघळलेली असते, दिवसभरात पाणी कोमट झालं की ती बाहेर येऊन चिकटते. पुन्हा तीच हवा आणि तीच भिंत. तेव्हापासून पाणी आधी डीगॅस केल्याशिवाय, म्हणजे त्यातली हवा काढल्याशिवाय, मी एकही रीडिंग घेत नाही आणि नवीन कुणी आलं तर पहिल्या दिवशी हेच सांगतो.

हायड्रोफोनचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो दाखवतो ते आकडे खरे आहेत का याची पडताळणी, कशाने करायची, तर लेझरने. लाटेमुळे पातळ पडदा किती नॅनोमीटर हलला ते प्रकाशाच्या तरंगलांबीशी ताडून बघायचं, ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचं मूळ प्रमाण याच तत्त्वावर उभं आहे. प्रकाश आणि अल्ट्रासाऊंडचं नातं आणखी जुनं आहे आणि त्यात आपल्या सी. व्ही. रामन यांचं मोठं काम आहे. पाण्यातून अल्ट्रासाऊंड जात असताना आडवा प्रकाश टाकला तर दाट-विरळ पट्ट्यांमुळे प्रकाश जाळीतून गेल्यासारखा अनेक किरणांत फुटतो. तो असा का आणि किती फुटतो याचं गणित रामन आणि नागेंद्र नाथ यांनी 1935-36 मध्ये मांडलं. कुठल्या किरणात किती उजेड गेला हे बघितलं की आवाजाचा दाब काढता येतो, पाण्यात काहीही न बुडवता.

डेसिबल वाचताना एक काळजी घ्या. हवेत डेसिबल 20 मायक्रोपास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) तुलनेत मोजतात आणि पाण्यात 1 मायक्रोपास्कलच्या, त्यामुळे तोच दाब पाण्याच्या पट्टीवर 26 डेसिबलने जास्त दिसतो. तीव्रतेची तुलना करायची असेल तर इम्पिडन्सचा फरक धरून ते अंतर 62 च्या आसपास जातं. देवमाशाचा आवाज विमानापेक्षा मोठा वगैरे जे फिरत असतं त्यात हे बहुतेक वेळा विसरलेलं असतं.

सध्या संशोधनात दोन गोष्टींवर माझं लक्ष आहे. पीझेडटीत वजनाने अर्ध्याहून जास्त शिसं असतं, आणि युरोपात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर बंदी असताना याला सवलत द्यावी लागते कारण सगळीकडे चालेल असा तोडीचा पर्याय नाही. 2004 मध्ये जपानमधून पोटॅशियम सोडियम नायोबेट या शिसं नसलेल्या सिरॅमिकचे आकडे आले, 1 व्होल्टला 400 पिकोमीटरच्या वर, तेव्हापासून आशा वाढली, पण तापमान बदललं तरी गुण टिकणं आणि प्रत्येक बॅच सारखी निघणं यावर अजून काम चालू आहे.

दुसरी गोष्ट परत जेलचीच. अंगावर चिकटवून ठेवायचा अल्ट्रासाऊंड पॅच बनवायचा तर जेल काही वेळात वाळतं आणि हवा आत येते. 2022 मध्ये एमआयटीच्या गटाने पाण्याने भरलेलं हायड्रोजेल दोन पातळ रबरी पापुद्र्यांमध्ये बंद केलं, म्हणजे पाणी उडून जात नाही, आणि वर प्रोबची छोटी कडक चिप बसवली. तो पॅच 48 तास कातडीला चिकटून राहिला आणि माणूस चालत-धावत असताना हृदय, फुप्फुस, पोट यांची चित्रं देत राहिला, त्या सगळ्या वेळात चिप आणि कातडी यांच्यामध्ये हवा शिरू न देता.